मदत हवी आहे: उभा माऊस घ्यावा की ट्रॅकबॉल?

नमस्कार. माझे काम दिवसभर संगणकावर आराखडे काढण्याचे असून काही महिन्यांपासून उजवे मनगट आणि कोपराची बाहेरची बाजू सतत ठणकते. डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. येथे प्रश्न फक्त माऊसच्या घडणीचा आहे.

सपाट माऊस धरताना तळहात पूर्ण खाली वळवावा लागतो, त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे एकमेकांवर तिरकी येतात, आणि मनगट मागे वाकलेले राहिले की कार्पल टनेलमधून, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यातून, जाणाऱ्या नसेवरचा दाब वाढतो. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो, हे पटते. परंतु तो सरकवताना खांद्यावर अधिक भार येत असेल, तर दुखणे केवळ जागा बदलेल अशी भीती वाटते. ट्रॅकबॉलमध्ये, म्हणजे जागेवर ठेवून वरचा गोळा फिरवायच्या माऊसमध्ये, हात स्थिर राहतो, मात्र अंगठ्याने फिरवायच्या प्रकारात सारे काम एकट्या अंगठ्यावर पडते, म्हणून बोटांनी फिरवायचा प्रकार मला अधिक योग्य वाटतो.

ज्यांनी दोन्ही वापरले आहेत, त्यांनी बारीक, अचूक रेषा काढताना कोणता कमी थकवतो हे कृपया सांगावे. माझा पंजा लहान आहे, तेव्हा आकाराविषयीही अवश्य लिहावे. अंकांचा वेगळा भाग नसलेला कीबोर्ड घेतल्यावर माऊस शरीराजवळ येऊन कोणाच्या खांद्याचा ताण खरोखर कमी झाला आहे का?