वर्षानुवर्षे युरिया टाकल्याने जमिनीतले जिवाणू मरतात का? (मोहोळ, काळी जमीन)

प्रश्न (मोहोळ):
खोल काळी जमीन, ऊस आणि त्यावर खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस), सलग. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.३, क्षारता ०.६, सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.३८ टक्के, चुनखडी १२ टक्के. शेणखत बंद आहे, पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलं जातं. युरियाने जिवाणू मेले, आता जिवाणू खताच्या बाटल्या सोडा, असा सल्ला मिळतोय. खरंच मेले असतील का?

उत्तर (पंढरपूर):
मेले नाहीत दादा, उपाशी आहेत. युरियाचं मातीत अमोनियम होतं, मग नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढचे जिवाणू नायट्रेट करतात. यात आम्ल सुटतं. झारखंडातल्या रांची आणि हिमाचलातल्या पालमपूरच्या आम्लधर्मी जमिनींत दीर्घकालीन प्रयोगांत नुसत्या नत्राने (नायट्रोजनने) सामू आणखी घसरला, पीक कोसळलं. आपल्याकडे चुनखडी ते आम्ल जिरवते, म्हणून तिकडचं कारण इथे जसंच्या तसं लावू नका. आपला तोटा वेगळा: सामू ८.३ असताना वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. तो मातीआड करा आणि विभागून द्या. सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाला लागणीला १० टक्के नत्र, ६-८ आठवड्यांनी ४०, १२-१६ आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला (बुंध्याशी माती चढवताना) ४०.
बहुतेक जिवाणूंचं खाणं म्हणजे कर्ब. तो पेटवल्यावर बाटलीतले तरी काय खाऊन जगणार?

उत्तर (माळशिरस):
पाचटापासूनच सुरुवात करा. बुडखे जमिनीलगत छाटा, त्यांच्यावरचं पाचट सरीत ओढा. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक (जिवाणू खत), मग पाणी. युरिया आणि संवर्धक एका बादलीत कालवू नका, जिवाणू तिथेच मरतात. संवर्धक ओल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी टाका. युरिया वाचवायला जाल तर कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. इथेच बहुतेकांचं फसतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा काडी लागते.

प्रश्नकर्ता:
खोडवा मोडल्यावर हरभरा घ्यायचा विचार आहे.

उत्तर (बार्शी):
जरूर घ्या. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) आणि २५० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारं संवर्धक. चुनखडीत स्फुरद कॅल्शियमला बांधलं जातं, हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून त्यातलं थोडं मोकळं करतात. बुरशीनाशक आधी, संवर्धक शेवटी, मग सावलीत सुकवून लगेच पेरा. पाकिटावरची मुदत बघा.
हेक्टरी २५ किलो नत्र पुरे. जास्त दिलंत तर मुळांवर गाठी कमी धरतात, कारण आयतं नत्र मिळाल्यावर रोप जिवाणूंना पोसत नाही. ४०-४५ दिवसांनी चार-पाच झाडं कुदळीने मुळासकट काढा (उपटलीत तर गाठी मातीत राहतात) आणि गाठ कापा. आत गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.