अमेरिकी घटनेचं पाचवं कलम: राज्यांनी बोलावलेल्या परिषदेला विषयाची चौकट घालता येते का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या घटनेचा अभ्यास असलेल्यांकडून मार्गदर्शन हवंय. आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी 'कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स'च्या अर्जावर माझी सही मागितली आहे. पाचव्या कलमाखाली घटनादुरुस्तीसाठी परिषद बोलावण्याचा ठराव आमच्या राज्याच्या विधिमंडळाने करावा, अशी त्यात मागणी आहे. परिषदेचे विषय तीन: केंद्राच्या खर्चाला लगाम, केंद्राच्या अधिकारांवर मर्यादा, आणि केंद्रातले अधिकारी व काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्यांच्या कार्यकाळाला मुदत.

पहिले दोन मला मनापासून पटतात. केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे, असं दहाव्या दुरुस्तीत १७९१ पासून लिहिलेलं आहे. तरी ओहायोच्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याचं काय झालं बघा. गव्हासाठी परवानगी ११.१ एकरांची, त्याने पेरला २३ एकर. जास्तीचा गहू घरच्या वापरासाठी आहे, असं त्याचं म्हणणं. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की असे सगळे शेतकरी एकत्र धरले तर बाजारातल्या मागणीवर परिणाम होतो, म्हणून हा विषय आंतरराज्य व्यापाराच्या कक्षेत येतो आणि केंद्राचा दंड वैध आहे. घरच्या कोठीतल्या गव्हापर्यंत केंद्राचा हात पोचत असेल, तर राज्यांकडे उरलं काय?

घोडं अडलंय ते मार्गापाशी. आजवरच्या सगळ्या २७ दुरुस्त्या काँग्रेसने दोनतृतीयांश मतांनी सुचवलेल्या. ३४ राज्यांनी मागणी करून परिषद बोलावण्याचा मार्ग एकदाही वापरला गेलेला नाही. शेजारी म्हणतात, परिषद फक्त सुचवणार, मंजुरीला ३८ राज्यं लागतात, म्हणजे १३ राज्यांनी नकार दिला की विषय संपला. पण १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला मंडळी जमली होती ती राज्यांमधल्या तेव्हाच्या करारात (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) दुरुस्ती करायला, ज्याला सगळ्या १३ राज्यांची संमती लागायची. त्यांनी नवी घटनाच लिहिली, आणि ती ९ राज्यांच्या मंजुरीवर लागू होईल असंही त्यातच घातलं. मला भीती याची वाटते.

तर, परिषद ठरलेल्या विषयाबाहेर गेली तर तिला अडवणार कोण? काँग्रेस, न्यायालय की राज्यं? सिनेटर सॅम अर्विन यांचं अशा परिषदेच्या कार्यपद्धतीचं विधेयक १९७१ मध्ये सिनेटने मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही. भारतात केशवानंद भारती निकालामुळे (१९७३) घटनेची मूलभूत चौकट तरी शाबूत आहे, दुरुस्ती करूनही ती मोडता येत नाही. इथे तसा सिद्धांत नाही. राज्याच्या संमतीशिवाय त्याचं सिनेटमधलं समान मत काढता येत नाही, एवढंच कलमात आहे.

दुसरं म्हणजे, समतोल अर्थसंकल्पाच्या मागणीसाठी १९८०च्या दशकात ३२ राज्यांचे अर्ज जमले होते, मग काहींनी ते मागे घेतले. अर्ज मागे घेणं कायद्याने चालतं का? आणि राज्याराज्यांत शब्दरचना वेगळी असेल तर ते अर्ज एकत्र मोजतात का?

दुरुस्तीचा मसुदाही मला महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या राज्याचा नागरिक एखाद्या राज्यावर केंद्रीय न्यायालयात दावा लावू शकतो, असं ठरवणारा चिझम विरुद्ध जॉर्जिया (१७९३) हा एकच निकाल डोळ्यांसमोर ठेवून अकरावी दुरुस्ती झाली आणि तिने तो निकाल उलटवला. 'अधिकार मर्यादित करा' एवढ्या मोघम शब्दांनी न्यायालय बांधलं जाईल असं वाटत नाही. आंतरराज्य व्यापाराच्या कलमाला नेमका लगाम घालणारा एखादा मसुदा कुणी वाचला असेल तर त्यातले शब्द इथे द्या.

कुणी राज्याच्या विधिमंडळ समितीपुढे अशा ठरावाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोललं असेल, तर तिथे सदस्यांनी काय विचारलं तेही लिहा. पक्षांची बाजू नको, कलमाचा अर्थ हवा आहे. सही करायची की नाही, हे मी त्यावरून ठरवणार आहे.