फासे आधी की नंतर?
डावपेच हवे असतील तर फाशांचे बोर्ड गेम घेऊच नका, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. फासे निर्णयाआधी पडतात की नंतर, ते बघा. 'रिस्क' या युद्धाच्या खेळात हल्ला ठरवून मग फासे टाकायचे, त्यामुळे विचारपूर्वक केलेली चालही वाया जाते. 'कॅसल्स ऑफ बर्गंडी' (२०११) या पटावर फरश्या मांडत जाण्याच्या खेळात उलट: आधी दोन फासे टाकायचे, मग प्रत्येक फाशावर एक कृती. नकोसा आकडा आला तर कामगाराची चकती देऊन तो एकाने वाढवा किंवा कमी करा. चकत्या संपल्या तर कुठलाही एक फासा वापरून दोन चकत्या घेता येतात.

हा खेळ दोघांतच खेळा मात्र! समोरच्याला हवी असलेली फरशी आधी उचलण्यात खरी मजा आहे. चौघांत आपली पाळी यायला फार वेळ लागतो.