करदात्यांच्या पैशातून बनलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला ठेवणे कायद्याने बंधनकारक करावे का?

मूळ लेखन
आरोग्य सेतू हे कोविडबाधितांशी आलेला संपर्क कळवणारे सरकारी अ‍ॅप एप्रिल २०२० मध्ये आले. १ मे रोजी गृह मंत्रालयाने ते सरकारी व खासगी कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना सक्तीचे केले, आणि नोएडात तर ते फोनमध्ये नसणे दंडनीय ठरले. अ‍ॅप फोनमधून नेमके काय उचलते हे उलगडून पाहण्यास मात्र वापराच्या अटींतच मनाई होती. अँड्रॉइड अ‍ॅपचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) खुला झाला तो २६ मे रोजी, म्हणजे सक्ती आधी आणि तपासणी नंतर! केंद्राचे २०१५ चे धोरण मुक्त स्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरला पसंती देते. पण पसंतीला बंधनाची धार नसते. नागरिकावर जे लादायचे, ते लादण्यापूर्वी खुले करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : वाटसरू
असहमत. खुल्या कोडने फार तर एवढेच कळते की आपल्याला दाखवलेला कोड कसा आहे. मार्च २०२४ मधले ‘एक्सझेड’ प्रकरण पाहा. लिनक्स या मुक्त स्रोत संगणकप्रणालीत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या, फाइलींचा आकार लहान करणाऱ्या या लहानशा प्रकल्पाचा भार मुख्यतः एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. दोनेक वर्षे इमानेइतबारे मदत करून एका अज्ञाताने त्याचा विश्वास संपादन केला आणि चोरदरवाजा बसवला. तो कार्यान्वित करणारा तुकडा कोडच्या सार्वजनिक भांडारात नव्हताच, वितरणासाठी बांधलेल्या फाइलींत होता. शोध लागला तो आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले म्हणून, आणि हे गृहस्थ नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये. कायदा करून असा चिकित्सक माणूस मिळतो काय?

प्रतिसाद : जुना कारकून
जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचे ठरवले, सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. निविदा काढणाऱ्याला अडचण कोडची नसते. कंत्राट संपल्यावर देखभाल कोणी करायची, ही असते.

मूळ लेखक
म्युनिकचा प्रश्न कार्यालयात काय वापरावे हा होता. मी नागरिकांवर सक्ती होणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतो आहे. वाटसरू यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे, पण त्याला तांत्रिक उत्तर आहे. प्रसिद्ध केलेला कोड कोणीही स्वतः संकलित केला, म्हणजे त्यापासून चालणारे अ‍ॅप बनवले, असता बाइटगणिक तीच फाइल तयार झाली पाहिजे, अशी बांधणी शक्य आहे. लिनक्सवर आधारित डेबियन ही प्रणाली त्यासाठी कित्येक वर्षे झटत आहे, आणि सिग्नल या संदेशसेवेच्या अँड्रॉइड अ‍ॅपची अशी पडताळणी करता येते. हीच अट कायद्यात घालावी. फ्रॉइंड यांना अर्ध्या सेकंदाच्या मुळाशी जाता आले, तेही सारे साहित्य उघडे होते म्हणूनच.

वाटसरू
फोनमधल्या अ‍ॅपपुरते हे मान्य. पण २६ मे रोजी सर्व्हरचा, म्हणजे अ‍ॅप ज्याला माहिती पाठवते त्या संगणकाचा, कोड खुला झाला नव्हता, आणि सर्व्हरवर आज काय चालू आहे याची बाइटगणिक पडताळणी घरबसल्या कोणालाच करता येत नाही. माहिती तर तिथेच साठते. तुमच्या कायद्यात त्यासाठी कोणते कलम आहे?