नाताळचा गोठा: हिरवळीसाठी नाचणी कधी पेरावी?

प्रश्न: वसईत आजीला नातवंडांकडून नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) करून घ्यायचा आहे. नाचणी कधी पेरायची? बुरशी का धरते?

उत्तर १: १२-१३ डिसेंबरला पेरा. आधी रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात दिवसभर बांधा. मोड दिसले की पसरट ताटलीत दोन बोटं मातीवर एकाच थरात पसरा. ढीग झाला की हवा खेळत नाही, बुरशी तिथूनच सुरू होते. पाणी ओतू नका; सकाळ-संध्याकाळ हाताने शिंपडा. हे काम नातवंडांचंच.

प्रश्नकर्ता: गहू चालेल?

उत्तर १: चालेल, नाताळच्या आठवडाभर आधी पेरा. पण तो उंच वाढतो आणि मेंढरं झाकली जातात. नाचणीच बरी.

उत्तर २: गव्हाण २४च्या रात्रीपर्यंत रिकामी हवी. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साहून (उपासनेहून) आल्यावर बाळ येशूची मूर्ती सर्वांत धाकट्या नातवंडाने ठेवावी, प्रार्थना आजीने सुरू करावी. वर्षभर ती याच घटकेची वाट पाहते, तेव्हा फोटोसाठी मध्येच थांबवू नका. बाळ येशूच्या भेटीला आलेले तीन राजे लांब मांडा, रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्याशी आणा.