लाउडन काउंटीचे उत्पन्न आणि आपल्या मुलाचा पगार

बी-३०२ : सर्वांना नमस्कार. धाकट्या मुलाला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ॲशबर्न येथे नोकरीचे पत्र आले आहे. सून आणि तीन वर्षांचा नातू सोबत जाणार आहेत. ॲशबर्न लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) येते आणि अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या २०१८ ते २०२२ या काळातल्या पाहणीनुसार या काउंटीत एका घराचे मध्यक उत्पन्न (निम्मी घरे याच्या वर, निम्मी खाली) वर्षाला सुमारे १ लाख ७० हजार डॉलर आहे. सबंध देशाचा आकडा ७५ हजारांचा आहे. मुलाला देऊ केलेला पगार त्या १ लाख ७० हजारांच्या बराच खाली असल्यामुळे त्याला कमी पगारावर तर घेतले जात नाही ना, अशी शंका आम्हाला सतावते आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ए-६०४ : काका, अभिनंदन. नोकरीच्या काळात माझा आकडेवारीशी रोजचा संबंध होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण एका माणसाच्या पगाराची तुलना एका घराच्या उत्पन्नाशी करत आहात, आणि शंका तिथूनच निर्माण झाली आहे. लाउडनमध्ये एका घरात सरासरी ३ माणसे राहतात, देशात अडीचच्या थोडी वर. शिवाय तिथे नवरा-बायको दोघेही पदवीधर आणि दोघेही कमावते असलेली घरे फार आहेत. माणशी उत्पन्न पाहिले तर चित्र बरेच बदलते. घराच्या हिशेबात लाउडन देशाच्या सव्वादोन पट भरते, पण माणशी हिशेबात ते पावणेदोन पटीच्याही आतच राहते. मुलाच्या पगाराची तुलना त्याच कामाच्या, तितक्याच अनुभवाच्या तिथल्या पगाराशी करावी.

डी-२०१ : म्हणजे तिथली सगळीच माणसे उच्चशिक्षित आहेत का? एका संपूर्ण जिल्ह्यात असे कसे होऊ शकते?

ए-६०४ : वहिनी, सगळी नाहीत, पण पंचविशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्क्यांकडे पदवी किंवा त्याहून वरचे शिक्षण आहे आणि देशात हेच प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास आहे. हे कसे झाले ते लोकसंख्येवरून कळते. १९७० मध्ये लाउडनची लोकसंख्या ३७,१५० होती, २००० मध्ये १,६९,५९९ झाली आणि २०२० च्या जनगणनेत ४,२०,९५९ भरली. म्हणजे आज तिथे राहणाऱ्यांपैकी बहुतेक जण बाहेरून आलेले किंवा आलेल्यांच्या घरी जन्मलेले आहेत. आले कोण, तर वॉशिंग्टनमधली सरकारी खाती, त्यांची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्या आणि डलेस विमानतळाच्या परिसरात वाढलेला संगणक व दूरसंचार उद्योग यांत काम करणारे लोक. बांधली गेली ती मुख्यतः विकत घेण्याची घरे, आणि मालकाच्या ताब्यातल्या घराची मध्यक किंमत साडेसहा लाख डॉलरच्या आसपास असताना ज्याला तेवढे गृहकर्ज मिळते तोच तिथे घर घेऊ शकतो. पूर्वीच्या शेतकरी वस्तीचे उत्पन्न वाढून काउंटी श्रीमंत झाली असे नाही. ज्यांचे उत्पन्न आधीच मोठे होते त्यांनाच तिथे जागा मिळत गेली, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

डी-२०१ : मग तिथल्या दुकानांत, रुग्णालयांत, शाळेच्या बसवर काम करणारी माणसे राहतात कुठे?

सी-११०१ : वहिनी, माझी मुलगी ॲशबर्नला राहते आणि मी तिच्याकडे राहून आले आहे, म्हणून सांगते. २०२५ मध्ये व्हर्जिनियातले किमान वेतन ताशी १२ डॉलर ४१ सेंट होते. वर्षभर पूर्ण वेळ काम केले तरी त्यातून २६ हजार डॉलरही होत नाहीत. अशी माणसे एका घरात दाटीवाटीने राहतात, नाहीतर दूरच्या स्वस्त काउंटीतून पहाटे गाडी काढून येतात. जी येऊन-जाऊन काम करतात त्यांचे उत्पन्न त्यांच्या राहत्या काउंटीत मोजले जाते, त्यामुळे लाउडनच्या आकड्यात त्यांची सावलीसुद्धा पडत नाही. मला हे फार लागते. दारिद्र्याचे प्रमाण ३-४ टक्केच आहे असे कौतुकाने सांगितले जाते, पण रोज येणाऱ्या या माणसांना धरून हिशेब कोणी मांडत नाही.

आता काका, आपल्या घराशी थेट संबंध असलेली गोष्ट. मुलगा एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर जात असेल तर सूनबाईंना एच-४ हा जोडीदारासाठीचा व्हिसा मिळेल आणि त्यावर लगेच नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाची परवानगी मिळते, पण साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीनकार्डच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) प्रक्रियेतला आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाल्यावरच. तोपर्यंत आपल्या मुलाचे घर एका पगारावर चालेल आणि शेजारची बहुतेक घरे दोन पगारांवर. भाडी आणि पाळणाघराचे दर मात्र दोन पगारवाल्यांना परवडतील असेच ठरलेले असतात. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटला महिना अडीच हजार डॉलरच्या आसपास धरा. सूनबाई कामाला लागल्या तर नातवाच्या डेकेअरला दीड-दोन हजार लागतील. सरकारी शाळेत बालवर्ग मोफत आहे, पण त्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत मुलाला पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

बी-३०२ : ताई, ही व्हिसाची बाब आम्ही लक्षातच घेतली नव्हती. आजच मुलाशी बोलतो. तिथे करांचे प्रमाण काय आहे?

सी-११०१ : पगारावर केंद्राचा आणि राज्याचा आयकर कापला जातो. काउंटी घरावर कर घेते आणि गाडीवरही दरवर्षी घेते. गाडीचे नव्याने आलेल्यांना ठाऊक नसते. घरावरचा दर मात्र उतरत गेला आहे. २०१२ च्या सुमारास किमतीच्या दर शंभर डॉलरमागे सव्वा डॉलरच्या जवळ असलेला दर २०२५ मध्ये ८० सेंटच्या आसपास आला, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे तिथली डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटची माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या मोठमोठ्या इमारती. त्यांच्यातल्या संगणकांवरच्या करातून काउंटीच्या महसुलाचा मोठा हिस्सा येतो, आणि शाळा व वाचनालये चालवायला तो पैसा कामी येतो. पण मुलीच्या घरामागे फिरायला गेले की एका बाजूला टाउनहाउसची रांग, दुसऱ्या बाजूला खिडकी नसलेली राखाडी भिंत आणि तिच्या मागून दिवसरात्र पंख्यांची घरघर, असे मी अनुभवले आहे. रहिवाशांची नाराजी वाढत गेली आणि २०२५ च्या मार्चमध्ये काउंटीच्या मंडळाने सुनावणीशिवाय डेटा सेंटर उभारण्याची मुभा काढून घेतली. ते आधीच व्हायला हवे होते असे माझे मत आहे.

ए-६०४ : सरकारी कंत्राटांवर उभे असलेले उत्पन्न डळमळूही शकते, हेही मुलाच्या कानावर घालावे. २०१८-१९ मध्ये केंद्र सरकारचे कामकाज ३५ दिवस ठप्प होते तेव्हा वॉशिंग्टनच्या परिसरातल्या अनेक कंत्राटी कर्मचाऱ्यांचे त्या दिवसांचे पैसे बुडाले. सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर मिळाला. कंत्राटदारांच्या माणसांना तशी हमी नव्हती. कंपनीचे काम सरकारी कंत्राटावर चालते की खासगी ग्राहकांवर, हे त्याने होकार देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

डी-२०१ : आपली माणसे तिथे बरीच आहेत असे ऐकते. नातवाला एकटे तर वाटणार नाही ना?

सी-११०१ : मुळीच नाही, वहिनी. काउंटीतला जवळपास पाचवा हिस्सा आशियाई वंशाचा आहे आणि त्यात भारतीय फार मोठ्या संख्येने आहेत. साधारण चारातला एक रहिवासी अमेरिकेबाहेर जन्मलेला आहे. मुलांची संख्याही मोठी आहे. मुलीच्या गल्लीत गणपतीच्या आरतीला तेलुगू, तमिळ, मराठी अशी सगळी घरे जमतात.

बी-३०२ : मनापासून आभार. मुलाने ॲशबर्नच्या मेट्रो स्थानकाजवळ घर पाहायला सुरुवात केली आहे. ते योग्य ठरेल का?

सी-११०१ : कार्यालय वॉशिंग्टनच्या दिशेला असेल तर जरूर. मेट्रोची सिल्व्हर लाइन नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲशबर्नपर्यंत आली आणि त्यामुळे दुसऱ्या गाडीचा खर्च काही काळ टळू शकतो. कार्यालय ॲशबर्नमध्येच असेल तर स्थानकाजवळचे जास्त भाडे उगाच भरू नये. शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, तेव्हा करार करण्यापूर्वी तो पत्ता कोणत्या शाळेच्या हद्दीत येतो ते काउंटीच्या शाळा विभागाच्या संकेतस्थळावर पाहायला सांगा. सूनबाईंचा क्रमांक मला वेगळा पाठवा. मुलगी त्यांच्याशी स्वतः बोलेल.