कॅसलरे: युरोपचा शिल्पकार की आयर्लंडचा सौदागर?

रानवारा: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'कॅसलरेने व्हिएन्नात युरोपला शांतता दिली, आयर्लंडचं काय घेऊन बसलात?' वाचून डोकंच फिरलं. नेपोलियनच्या पराभवानंतर व्हिएन्ना परिषदेत युरोपची नवी घडी बसवणारा ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री तो, पण डब्लिनमध्ये जन्मलेला माणूस हा! जानेवारी १७९९ मध्ये आयर्लंडच्या पार्लमेंटने ब्रिटनमधल्या विलीनीकरणाला नकार दिला. वर्षभरात यानेच सरदारक्या आणि पेन्शनी वाटून मतं फिरवली. ज्यांचे मतदारसंघ बुडणार त्या मालकांना दर मतदारसंघामागे १५,००० पौंड. कॅथलिकांना हक्कांची आशा दाखवली, ते मिळाले १८२९ ला.

सह्यकडा: अर्धंच सांगताय. राजा तिसरा जॉर्ज कॅथलिकांच्या हक्कांच्या आड आला तेव्हा पंतप्रधान पिटबरोबर यानेही राजीनामा दिला. व्हिएन्नात हरलेल्या फ्रान्सचे लचके तोडू दिले नाहीत, हे छोटं काम वाटतं का?

मोगरा: डब्लिनला राहायचे तेव्हा घरमालकीणबाईंसमोर याचं कौतुक केलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला थेट कॉलेज ग्रीनला नेलं. खांबांची भव्य इमारत, जुनं पार्लमेंट. आत बँक! त्या म्हणाल्या, "बघून घे."

वसईकर: आपलं कोण बघणार? १८०२ पासून ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या लंडनच्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष हाच. वसईचा तह याच्याच कारकिर्दीतला. आजोबा किल्ल्यात न्यायचे, दुसऱ्या बाजीरावाचं नाव निघालं की थुंकायचे. लंडनवाल्यांना मात्र कुणी बोल लावत नाही.

सह्यकडा: तह गव्हर्नर जनरल वेलस्लीने केला, तोही आयर्लंडचाच. उलट कॅसलरेने १८०४ मध्ये त्याला लिहिलं की अशाने आपण मराठ्यांच्या भांडणांत कायमचे गुंतू.

वसईकर: तोवर असईची लढाई झाली, अडगावची झाली, दिल्ली गेली! तह मोडला का? आणि काळजी कुणाची, आपली की कंपनीच्या तिजोरीची? अशा पत्राचे गोडवे आम्हाला ऐकवू नका.

सह्यकडा: गोडवे कुणी गायले? आरोप करायचा तर ज्याने सही घेतली त्याच्यावर करा. तह मोडला नाही, हे कबूल. पण ज्या थोड्यांनी विरोध नोंदवला त्यांत हा होता.

रानवारा: वसई पुरे, धागा आयर्लंडचा आहे. आयर्लंडमधल्या ग्रेअ‍ॅबी गावचा पाद्री जेम्स पोर्टर कॅसलरेच्या बापाची खिल्ली उडवायचा. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावानंतर पोर्टरला त्याच्याच चर्चच्या नजरेसमोर फासावर दिलं. त्यावर बोला.

सह्यकडा: शिक्षा लष्करी न्यायालयाची होती. पण बापलेकांनी शब्द टाकला असता तर पोर्टर वाचला असता, एवढं मानतो. व्हिएन्नाबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

वसईकर: आणि वसईबद्दल माझं.